सिबिलमध्ये दुसऱ्याची मोटारसायकल

पत्र:

नमस्कार दादा. मी सोलापूरच्या पूर्व भागात राहतो. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर आहे, पगार बँकेत जमा होतो. बायको विड्या वळते, तिच्या नावावर महिलांच्या गटाचं एक कर्ज चालू आहे. विडी घरकुलच्या बाजूला एक लहान घर बघितलं, ५१ हजार इसार दिला. खरेदीला तीन महिन्यांची मुदत आहे. बँकेने गृहकर्जाची फाईल परत केली. साहेब म्हणाले, "सिबिल (म्हणजे कर्जफेडीचा स्कोअर) खराब आहे, ५८४." रिपोर्ट काढला तर तीन गोष्टी निघाल्या. एक, मोटारसायकलचं कर्ज, ४१ हजार थकीत, पुढे 'रिटन ऑफ' (म्हणजे बुडीत खात्यात टाकलं) लिहिलंय. मी आजपर्यंत कर्जाने गाडी घेतलेली नाही. दोन, २०२१ साली हप्त्यावर घेतलेला फ्रिज. सगळे हप्ते फेडले, तरी ५९० रुपये बाकी दाखवतात. तीन, मेहुण्याच्या टेम्पोच्या कर्जाला मी जामीन आहे, ते कर्जसुद्धा माझ्या रिपोर्टात, आणि त्याचे हप्ते मध्ये उशिरा गेलेत. ओळखीचा एक एजंट म्हणतो, आठ हजार द्या, पंधरा दिवसांत सिबिल क्लिअर करून साडेसातशे करून देतो. द्यावेत का?

– एक वाचक, पूर्व भाग, सोलापूर

उत्तर:

देऊ नका. एक रुपयाही नको, आणि त्याच्यासमोर मोबाईलवर आलेला ओटीपी तर अजिबात वाचून दाखवू नका.

हा एजंट करणार काय, ते आधी सांगतो. चूक दुरुस्त करा असं सांगणारा जो अर्ज तुम्ही स्वतः फुकट भरू शकता, तोच तो तुमच्या नावाने भरणार. तिन्ही नोंदी एकदम 'चुकीच्या' म्हणून टाकणार. पंधरा दिवसांनी 'वरून काम अडलंय' म्हणून आणखी मागणार. आणि खरी थकबाकी असली तर फायनान्सवाल्याशी बोलून थोड्या पैशांत 'सेटलमेंट' करून देणार. खात्यापुढे 'सेटल्ड' असा शिक्का आला म्हणजे या माणसाने पूर्ण पैसे दिले नाहीत, असं पुढच्या प्रत्येक बँकेला कळतं. आठ हजार देऊन हा शिक्का विकत घ्यायचं काही कारण नाही.

मुळात सिबिल काय किंवा बाकीच्या तीन कंपन्या काय, त्यांना तुमची नोंद मनाने बदलता येत नाही. आपल्याकडे क्रेडिट माहिती ठेवणाऱ्या कंपन्या चार आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. २००५ च्या कायद्याखाली त्या चालतात. बँका आणि फायनान्स कंपन्या जे पाठवतात ते त्या साठवतात. नोंद बदलायची तर ज्याने ती पाठवली त्याने 'हो, आमचं चुकलं' म्हणायला हवं. म्हणून तुमची लढाई सिबिलशी कमी आणि त्या मोटारसायकलवाल्या फायनान्स कंपनीशी जास्त आहे.

आणि लढाई तीनही नोंदींची एकत्र लढू नका. पहिली नोंद चूक आहे. दुसरी बहुतेक अर्धी चूक, अर्धी खरी निघेल. तिसरी खरी आहे, फक्त तुम्हाला ती आवडलेली नाही. 'सगळा रिपोर्ट खोटा आहे' असा एकच अर्ज केलात तर फायनान्सवाला तिसऱ्या नोंदीचा कागद पुढे करेल आणि पहिलीसुद्धा त्यातच बुडेल.

आता मोटारसायकल. कर्ज विभागात काम करताना पूर्व भागातले अर्ज आले की मी नावावर कधीच विसंबायचो नाही. श्रीनिवास, अंबादास, व्यंकटेश ही नावं एकेका गल्लीत चार-चार. आजोबांचं नाव नातवाला, त्यामुळे चुलत भावांची नावं तीच. आडनाव तेच, कधी बापाचं नावही तेच. त्यावर कळस म्हणजे जन्मतारीख १ जून! शाळेत नाव घालताना गुरुजींनी लावलेली तारीख, अर्ध्या महाराष्ट्राची तीच. पत्त्यात 'घरकुल, सोलापूर' एवढंच. अशी दोन माणसं संगणकाला एकच वाटली तर नवल नाही. पॅन नंबर वेगळे असले की खरं तर गोंधळ व्हायला नको, पण कर्ज देताना पॅन घेतलाच नसेल, किंवा दहापैकी एक अक्षर चुकीचं टाईप झालं असेल, तर दुसऱ्याची गाडी तुमच्या दारात उभी राहते.

म्हणून तक्रार करायच्या आधी एक काम करा. तुम्ही सिबिलचा एकच रिपोर्ट काढलाय असं दिसतंय. बाकी तिघांचेही काढा. चारही कंपन्यांना प्रत्येक माणसाला वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यावाच लागतो, रिझर्व्ह बँकेचा तसा नियम आहे. त्यांच्या वेबसाईटवर गेलात की महिन्याचे, वर्षाचे पॅक मोठ्या अक्षरांत दिसतील. फुकट रिपोर्टची लिंक बारीक अक्षरांत कुठेतरी कोपऱ्यात असते, ती शोधा. आपला रिपोर्ट आपणच पाहिल्याने स्कोअर कमी होत नाही, ही भीती काढून टाका. कमी होतो तो कर्जासाठी पाच ठिकाणी अर्ज टाकत फिरल्याने. तेव्हा हे निस्तरेपर्यंत दुसऱ्या कुठल्या बँकेत 'बघू तरी' म्हणून फाईल देऊ नका.

चारही रिपोर्ट शेजारी ठेवून बघा. मोटारसायकल एकाच रिपोर्टात असेल, तर बहुधा त्या एका कंपनीच्या संगणकाने दोन माणसं जोडली. चारहीत असेल, तर फायनान्स कंपनीनेच कर्ज तुमच्या पॅनवर टाकलंय. तक्रारीचा रोख कुणाकडे ठेवायचा ते यावरून ठरतं. मग रिपोर्टचं पहिलं पान नीट वाचा. लोक थेट स्कोअर बघतात आणि हे पान सोडतात. त्यात नाव, जन्मतारीख, पॅन, मतदार ओळखपत्र, मोबाईल नंबर, पत्ते असतात, आणि प्रत्येक पत्ता कधी नोंदवला त्याची तारीख. तुम्ही कधी राहिला नाहीत असा पत्ता, तुमचा नसलेला मोबाईल नंबर तिथे दिसला तर त्याखाली पेनाने रेघ मारा. तोच तुमचा पुरावा. शिवाय हप्ता थकल्याची नोंद गेली किंवा कुणी तुमचा रिपोर्ट मागवला तर एसएमएस किंवा ईमेलने कळवायचं असतं. नंबरच दुसऱ्याचा असेल तर ते निरोप त्याला जात असतील. हे पान दुरुस्त करून घेणंसुद्धा तक्रारीत मागा.

एक शक्यता नको असली तरी बोलावी लागते. नावाची गल्लत नसून कुणी तुमच्या आधार-पॅनची झेरॉक्स वापरून कर्ज उचललं असेल तर? गाडीच्या कर्जात ते कळायला सोपं आहे. फायनान्स कंपनीकडे कर्जाच्या अर्जाची प्रत, त्यावरचा फोटो, सही आणि गाडीचा नंबर मागा. फोटो अनोळखी आणि कागद तुमचे, असं निघालं तर हे प्रकरण दुरुस्तीचं राहत नाही, फसवणुकीचं होतं. पोलिसांत लेखी तक्रार द्या आणि तिची प्रत पुढच्या प्रत्येक अर्जाला जोडा.

तक्रार दोन्हीकडे करायची. क्रेडिट कंपनीच्या वेबसाईटवर दुरुस्तीचा अर्ज असतो. त्यात रिपोर्टवर छापलेला नियंत्रण क्रमांक टाकावा लागतो, मग ते खातं निवडून 'हे खातं माझं नाही' हा पर्याय. पैसे लागत नाहीत. त्याच दिवशी फायनान्स कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल आणि स्पीड पोस्ट. सोलापुरातली शाखा बंद झाली असेल किंवा काउंटरवरचा मुलगा 'हेड ऑफिसला जातंय' म्हणत असेल तर त्याच्याशी वाद घालू नका, तो खरंच काही करू शकत नाही. त्या अधिकाऱ्याचं नाव-पत्ता कंपनीच्या वेबसाईटवर असतो. शाखेत कागद दिलात तर झेरॉक्सवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या.

मजकुराला लांबण लावू नका. आईची तब्येत, मालकाने काय म्हटलं, हे काही नको. असं लिहा:

"माझ्या क्रेडिट रिपोर्टात (नियंत्रण क्रमांक अमुक, दिनांक अमुक) आपल्या कंपनीचं खातं क्रमांक अमुक दुचाकी कर्ज म्हणून दिसत आहे. हे कर्ज मी घेतलेलं नाही. माझा पॅन अमुक, जन्मतारीख अमुक, आणि गेल्या दहा वर्षांचा पत्ता अमुक. कृपया कर्जाचा अर्ज, ओळखीचे कागद व गाडीचा नोंदणी क्रमांक तपासून हे खातं माझ्या नावावरून काढण्याबाबत चारही क्रेडिट माहिती कंपन्यांना कळवावं, आणि तसं कळवल्याचं लेखी उत्तर मला द्यावं. विनंती नाकारायची असल्यास कारण लेखी द्यावं."

सोबत पॅन, आधार आणि रिपोर्टाचं पहिलं पान व त्या खात्याचं पान. झेरॉक्सवर आडवं लिहा: 'फक्त क्रेडिट रिपोर्ट दुरुस्तीसाठी', खाली तारीख आणि सही. ही सवय एरवीसुद्धा ठेवा.

यापुढे कॅलेंडर तुमच्या बाजूने चालतं. तक्रार दिल्या दिवसापासून ३० दिवसांत तिचा निकाल लागला पाहिजे. त्यातले २१ दिवस फायनान्स कंपनीला सुधारलेली माहिती पाठवायला, उरलेले क्रेडिट कंपनीला. ३० दिवस उलटले की पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई तुम्हाला मिळते. ज्याच्यामुळे उशीर झाला त्याने ती द्यायची. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये हे काढलं आणि एप्रिल २०२४ पासून ते लागू आहे. शंभर रुपयांनी कुणी श्रीमंत होत नाही, पण 'भरपाई कधीपासून धराल?' असं ईमेलमध्ये विचारलं की फाईल टेबलावरून उठते, हे मी आतल्या बाजूने पाहिलंय. म्हणूनच तक्रारीच्या पहिल्या दिवसाचा पुरावा, तो क्रमांक, तो शिक्का, जिवापाड जपा.

३० दिवस गेले आणि उत्तर नाही, किंवा आलं पण 'आमची नोंद बरोबर आहे' एवढंच एका ओळीत, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. १ सप्टेंबर २०२२ पासून क्रेडिट माहिती कंपन्याही त्या योजनेखाली आल्यात. तक्रार ऑनलाईन करता येते, सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन वर. काही अडलं तर १४४४८ वर फोन करा. फी नाही आणि वकीलही लागत नाही. मात्र आधी कंपनीकडे तक्रार केल्याशिवाय तिथे गेलात तर ते परत पाठवतात.

फ्रिजकडे वळू. ५९० हा आकडा बघितल्या बघितल्या मला वाटलं, हा हप्ता नाही, हा चार्ज आहे. एखाद्या महिन्यात पगार पाच तारखेऐवजी सातला झाला, त्या दिवशी खात्यात पैसे नव्हते, हप्ता बाउन्स झाला. पुढे हप्ता भरलात, बाउन्सचा चार्ज राहिला. तो कुणी तुम्हाला सांगितलाही नसेल. रिपोर्टात त्या खात्याखाली महिन्यांचे चौकोन असतात, मागच्या ३६ महिन्यांपर्यंतचे. ००० म्हणजे वेळेवर, आकडा असेल तर तितके दिवस उशीर, एक्सएक्सएक्स म्हणजे त्या महिन्याची माहितीच आली नाही. तुमच्या चौकोनांत ०००, ०००, ००० आणि मग ०३०, ०६१, ०९१ असं चढत गेलेलं दिसेल. ९०च्या पुढचा आकडा बघितला की बँकेतला माणूस रक्कम किती ते बघायलाही थांबत नाही.

फायनान्स कंपनीकडून त्या कर्जाचा पूर्ण खातेउतारा मागा. चार्ज खरा असेल तर ५९० रुपये भरून टाका. तत्त्वाचा प्रश्न करू नका, घर अडलंय. पण भरताना पावतीवर आणि पत्रात 'पूर्ण फेड, खाते बंद' असं असलं पाहिजे. फोनवरचा पोरगा 'तीनशे द्या, मिटवून टाकू' म्हणाला तर नको म्हणा, तेच ते 'सेटल्ड'. एनओसी (कर्ज फिटल्याचा दाखला) हातात आली की रिपोर्टात 'क्लोज्ड' आणि बाकी शून्य दाखवायला लेखी सांगा. उताऱ्यात चार्ज नसेलच, किंवा तुम्ही तो भरल्याची पावती सापडली, तर मग ती शुद्ध चूक आहे. तिला मोटारसायकलचाच रस्ता, वेगळा अर्ज करून.

जामीनकीची तक्रार करूच नका. तुम्ही सही केली त्या दिवशी ते कर्ज तुमचंही झालं. १८७२ च्या करार कायद्यात कलम १२८ आहे, जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. बँकेला आधी मेहुण्याच्या मागे लागलं पाहिजे असंही नाही. त्यामुळे ती नोंद राहणार आणि उशिराचे आकडेही राहणार. करण्यासारखं इतकंच की यापुढचा एकही हप्ता चुकू नये. मेहुण्याशी बोलायचं काम बायकोवर ढकलू नका, स्वतः जा, रविवारी सकाळी, आणि पुढच्या तीन महिन्यांचे हप्ते वेळेवर जातील एवढं ठरवून घ्या. गरज पडली तर एखादा हप्ता तुम्ही भरा आणि त्याच्याकडून नंतर घ्या, तुम्हाला ते स्वस्त पडेल. जामीनदार बदलून मागता येतो, पण बँकेची इच्छा असली तरच, आणि हप्ते उशिरा जात असताना ती इच्छा नसते.

आता तुमचे तीन महिने. हिशेबाने बघितलं तर दुरुस्तीला महिना, नवीन माहिती रिपोर्टात उतरायला थोडे दिवस (बँका आता महिन्यातून किमान दोनदा माहिती पाठवतात, पूर्वीसारखं महिनाभर थांबावं लागत नाही), मग बँकेची छाननी. जमेल, पण ताणून जमेल. म्हणून बँकेत आजच जा. फाईल परत मिळाली म्हणून हात झटकू नका, तक्रारीच्या पोचपावत्या घेऊन त्याच साहेबांना भेटा. स्कोअर अमुक हवाच असा आकडा रिझर्व्ह बँकेने घालून दिलेला नाही, ती प्रत्येक बँकेची आपली रेषा असते. कर्ज तुमचं नाही असं फायनान्स कंपनीचं पत्र समोर आलं तर समजूतदार अधिकारी स्कोअर वर यायची वाट न बघता फाईल पुढे सरकवू शकतो. सगळे करतीलच असं नाही. आणि घर विकणाऱ्याला आत्ताच सांगून ठेवा. मुदत वाढवायची बोलणी मुदत संपायच्या आधी होतात, आणि वाढवलेली तारीख इसार पावतीवर दोघांच्या सह्यांनी लिहून घ्या. तोंडी 'बघू हो' वर ५१ हजार सोडून राहू नका.

तुम्ही विचारलं नाही ते एक सांगतो. कर्जात बायकोला सहअर्जदार करणार असाल, आणि करावंच, कारण तिचीही कमाई धरली जाते, तर तिचाही रिपोर्ट आत्ताच काढा. गटाचं कर्ज असलं तरी प्रत्येकीचं कर्ज तिच्या स्वतःच्या नावावर नोंदलं जातं. अशा गटाच्या छोट्या कर्जांची, म्हणजे मायक्रोफायनान्सची, माहिती क्रिफ हाय मार्ककडे फार आधीपासून आहे, तेव्हा तिथून सुरुवात करा. तिच्या बाबतीत घोळ वेगळ्या जागी सापडतो. माहेरचं नाव मतदार ओळखपत्रावर, सासरचं आधारवर, स्पेलिंग तिसरंच विडी कार्डावर, आणि पॅन काढलाच नुकता. त्यामुळे फेडलेलं जुनं कर्ज एका नावावर बंद आणि दुसऱ्या नावावर चालू दिसू शकतं. तसं असेल तर गटाच्या हप्त्याचं पुस्तक आणि शेवटची पावती शोधून ठेवा. बाईंना सांगा, दर आठवड्याला पैसे नेणाऱ्या त्या सरांकडून कर्ज फिटल्याचा दाखला याच बैठकीत मागायचा, पुढच्या नाही.